गोळ्यांची वाटणी

आमच्या खोलीत रुग्णांची नावं घ्यायची नाहीत असा नियम आहे. कागदावर नंबर, रक्ताच्या नळीवर नंबर, फ्रीजरमधल्या डबीवरही नंबर. पण समोर बसलेल्या जित्याजागत्या बाईला नंबराने हाक मारायची म्हणजे आपण दवाखान्यात आहोत की तुरुंगात असा प्रश्न पडतो. म्हणून आम्ही गावाची नावं घेतो. कारंज्याचे काका आले का, सेलूच्या आजींचं रक्त घेतलं का, असं. ज्या दोघींची ही गोष्ट आहे त्याही माझ्या डोक्यात अजून केळझर आणि पुलगाव याच नावांनी आहेत.

मी वर्ध्याच्या एका कॅन्सर रुग्णालयात संशोधन विभागात काम करते. पहिली काही वर्षं तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत काढली. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे पापुद्रे काचेवर घ्यायचे, रक्त यंत्रात फिरवून वरचं पिवळं पाणी फ्रीजरात ठेवायचं. मला ते काम आवडायचं, कारण काचेवरचा पापुद्रा उलटून प्रश्न विचारत नाही. मग एक दिवस सर म्हणाले, तुझी जीभ फार चालते, ती जरा कामाला लावू. आणि त्यांनी मला वर ओपीडीत आणून बसवलं. तिथे औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णांना समजावून सांगायचं, सह्या घ्यायच्या, गोळ्यांच्या बाटल्या द्यायच्या आणि पुढच्या महिन्यात उरलेल्या मोजून घ्यायच्या, हे माझं काम झालं.

आमच्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण जास्त. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या मुलखात दुसरं काय होणार. ऑपरेशन झालं, रेडिएशनचा शेक झाला, तरी काही जणांचा आजार परत येतो. तो येऊ नये म्हणून एका गोळीची चाचणी चालू होती. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली. कुणाला कोणती, हे ना रुग्णाला ठाऊक, ना मला, ना सरांना. ती यादी दुसऱ्या शहरातल्या एका संगणकात बंद. मराठी फॉर्मवर याला ‘द्वि-अंध चाचणी’ असं छापलं होतं. ज्या विद्वानाने हे भाषांतर केलं तो मला भेटायचा आहे अजून.

केळझरच्या मावशींना मी ते वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हंजे मी आंधळी अन् तू बी आंधळी. मंग पाह्यते कोन?”

“संगणक पाहतो, मावशी.”

“अन् दुसऱ्या बाटलीत काय रायते?”

“खडूच समजा. दिसायला सारखी, पण आत औषध नाही.”

मावशींनी जरा विचार केला आणि सही ठोकली. त्या शेतकरी घरातल्या, गणपतीच्या देवळाच्या मागच्या अंगाला घर, दोन सुना. तरुणपणापासून खर्रा. डाव्या बाजूचा अर्धा जबडा गेला होता, तरी उरलेल्या तोंडाने त्या पूर्ण तोंडाच्या बाईपेक्षा जास्त बोलायच्या. मला ‘मॅडम’ म्हणायच्या आणि पुढे लगेच ‘तू’.

पुलगावच्या बाई त्यांच्याच पाठोपाठ चाचणीत आल्या. बौद्ध कुटुंबातल्या, निवृत्त शिक्षिका. जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता आणि तरी जिभेला झाला. अर्धी जीभ काढली होती. जिने आयुष्यभर पाढे म्हणून घेतले तिचं बोलणं कुणाला कळेना, आणि आपलं बोलणं कळत नाही हे समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसलं की त्या गप्प बसायच्या. मला फार वाईट वाटायचं. मी मान डोलवायचे, पण मान डोलवणारीला काही कळलेलं नाही हे शिक्षिकेला कळल्याशिवाय राहतं का?

त्यांचं बोलणं कळायचं ते फक्त केळझरच्या मावशींना. दोघींचं ऑपरेशन एकाच आठवड्यात झालं, खाटा शेजारी होत्या, शेक घ्यायलाही बरोबरच जायच्या. मावशी त्यांच्या दुभाषी झाल्या. बाई काहीतरी पुटपुटायच्या आणि मावशी खणखणीत आवाजात सांगायच्या, “थे म्हनून राह्यली का पंखा कमी कर.” डॉक्टरसुद्धा तपासताना आधी मावशींना बोलवायचे.

घरी गेल्यावर दोघी महिन्याच्या तपासणीला एकाच तारखेला यायच्या. एक एसटीने, एक पॅसेंजरने. चावायचं तर दोघींनाही जमत नव्हतं. मग मावशी ज्वारीची आंबील आणायच्या, बाई शेवयांची खीर अगदी गाळून आणायच्या, आणि सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली त्यांचं जेवण चालायचं. गोळ्यांचा हिशोब तर असा की मी बाकीच्या रुग्णांना त्यांचं उदाहरण द्यायचे. कुणी गोळ्या विसरायचं, कुणी बाटली हरवायचं, एका काकांनी तर म्हशीच्या वासराला चारल्या होत्या. या दोघींच्या उरलेल्या गोळ्या मात्र दरवेळी बरोबर. मी सरांपुढे मिरवायचे, की समजावणं कसं असावं ते बघा.

त्या दिवशी बाईंच्या रक्ताची एक नळी घ्यायची राहिली. माझ्याच लक्षात आलं म्हणून मी धावत बाहेर गेले. दोघी कडुनिंबाखाली बसल्या होत्या. मध्ये स्टीलचा एक डबा, आणि आम्ही नुकत्याच दिलेल्या दोन्ही बाटल्या त्यात रिकाम्या केलेल्या. मावशी तांदूळ निवडावेत तशा बोटांनी त्या गोळ्या खालीवर करत होत्या. बाई बाटल्या धरून बसल्या होत्या.

“मावशी, हे काय चाललंय?”

मला वाटलं त्या दचकतील. कशाच्या दचकतात.

“वाटनी करून राह्यलो,” मावशी म्हणाल्या. “बस ना. आंबील पेतं?”

“कसली वाटणी?”

“गोयांची. तूच तं सांगतलं, एकीत औषध अन् एकीत खडू. आता आमी दोघी सोबत कापल्या गेलो, सोबत शेकल्या गेलो. मंग एकीनं औषध खावाचं अन् एकीनं खडू, हे कोनत्या न्यायाचं झालं? म्हून मिसयून घेतो. अर्ध्या तिले, अर्ध्या मले. दोघी अर्ध्या अर्ध्या वाचू.”

बाई काहीतरी बोलल्या. मावशींनी लगेच सांगितलं, “थे म्हनते, मोजून बरोबर परत करतो, हिशोबात चूक नाई आमच्या.” बाईंचा चेहरा अगदी निरागस होता, थोडासा अभिमानीही. कल्पना त्यांचीच होती हे मला मागून कळलं.

मला भयंकर राग आला. पहिल्या महिन्यापासून त्या हेच करत होत्या. म्हणजे माझ्या मिरवलेल्या दोन रुग्णांनी दोन बाटल्यांची एक चाचणी करून ठेवली होती, जी कुठल्याच आकड्यात बसत नव्हती. मी तावातावाने सांगितलं की असं केल्याने सगळं संशोधन वाया जातं, गोळी खरी की खोटी हे मग कधीच कळणार नाही. मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “पन आमाले कुठं कयून घ्याचं हाय? आमाले जगाचं हाय.”

यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते फॉर्मच्या तिसऱ्या पानावर छापलेलंही होतं, की या चाचणीचा तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही. मी ते दिलं नाही.

त्याच दुपारी मी सरांना सांगितलं. आज तीच वेळ आली तर आजही सांगेन. एक खोटा आकडा आत शिरला की उद्या तो कुणाच्या तरी तोंडात औषध बनून जातो, आणि ते तोंड आमच्याच जिल्ह्यातलं असतं. सर आधी हसले, मग कपाळ धरून बसले. असलं काही त्यांनी ना पाहिलं होतं ना वाचलं होतं. नियमाप्रमाणे चाचणी चालवणाऱ्यांना वर कळवावं लागलं आणि वरून उत्तर आलं ते सरळ होतं. दोघींच्या गोळ्या बंद. तपासण्या चालू राहतील, गोळ्या नाही.

हे त्यांना सांगायचं कामही माझंच. गोळ्या परत मागितल्या तेव्हा मावशींनी डबा माझ्या टेबलावर उपडा केला आणि म्हणाल्या, “मॅडम, तू चुगली केली.” मला रडू आलं. बाईंनी माझ्या हातावर थोपटलं, वर्गात रडणाऱ्या मुलीला थोपटावं तसं. रिकामा डबा त्यांनी पुसून पिशवीत ठेवला. पुढच्या महिन्यात त्याच डब्यातून खीर आली.

पावसाळा सरता सरता बाईंच्या मानेत गाठ आली. तुकडा तपासायला खाली गेला तेव्हा मीही खाली गेले. काच मायक्रोस्कोपखाली होती. जुनी सवय, मी डोळा लावला. ज्या पेशींचे पुंजके मी वर्षानुवर्षं बघत होते तेच होते, त्यात नवीन काही नव्हतं. पण या वेळी तो पापुद्रा कुणाचा हे मला ठाऊक होतं, आणि मी अर्ध्यातच डोळा काढून घेतला. नंबराचा नियम का केला असेल हे मला त्या दिवशी कळलं.

मावशी केळझरहून पुलगावला जायच्या. एसटीने वर्धा, वर्ध्याहून पुढे. सुना रागवायच्या, तरी जायच्या. शेवटी बाईंना पाणीही नळीने द्यावं लागत होतं, तेव्हा बोलणं उरलंच नव्हतं. तरी मावशी त्यांच्या मुलीला सांगत असत म्हणे, आई आता अमुक म्हणतेय, तमुक म्हणतेय. मुलगीही शिक्षिकाच, एकुलती एक. तिला ते खरं वाटायचं की नाही मला माहीत नाही. बाई थंडीच्या सुरुवातीला गेल्या.

त्यानंतरच्या तपासणीला मावशी एकट्या आल्या. तोंड तपासलं, सगळं स्वच्छ होतं. मी आनंदाने सांगितलं, तर त्यांनी ते ऐकलंच नाही. दार लोटून घेतलं आणि विचारलं, “खरी कोनाची होती?”

“मला ठाऊक नाही, मावशी. कुणालाच नाही.”

“तिची खरी असन तं तिची अर्धी मी खाल्ली ना? थे गेली अन् मी ठनठनीत हाय. म्हंजे मी तिची खाल्ली.”

मी म्हटलं असं नसतं. एका गोळीने असं होत नाही. पण गोळीने काय होतं हे कुणालाच माहीत नसल्यामुळेच तर आम्ही चाचणी करत होतो, आणि मावशी काही खुळ्या नव्हत्या. मी सरांना विचारलं, एवढ्या दोघींपुरतं यादीत बघता येईल का? सर म्हणाले, उपचार अडला असता तर बघता आलं असतं. मनाच्या समाधानासाठी नाही. चाचणी संपेपर्यंत थांबावं लागेल.

मावशी थांबल्या. दरवेळी यायच्या, दरवेळी तपासणी स्वच्छ, दरवेळी तोच प्रश्न. त्यांनी आंबील आणायचं बंद केलं. वजन उतरत गेलं. थोरली सून मला म्हणाली, “घरात बी जेवत नाई धड. कोनी जास्त वाढलं तं म्हनते, दुसऱ्याच्या वाट्याचं देऊ नोका मले.” आजार परत आला नव्हता, तरी त्या आमच्या डोळ्यांदेखत वाळत होत्या. मला त्यांच्या तारखेच्या आदल्या दिवसापासून धास्ती वाटायची. कधीकधी वाटायचं मीच त्यांना काहीतरी ठोकून द्यावं, आणि मग स्वतःचाच राग यायचा. ज्या बाईला मी आकड्यांच्या खरेपणावरून झापलं तिला आता मी खोटं सांगणार?

शेवटी यादी उघडली. सगळ्या शहरांतले आकडे एकत्र झाले आणि निकाल आला, की गोळीने काहीही फरक पडला नव्हता. खरी खाणारे आणि खडू खाणारे, दोघांचंही सारखंच झालं होतं. इतक्या वर्षांची मेहनत. सर दिवसभर खोलीबाहेर आले नाहीत. आणि मी? मला आनंद झाला. सरळ सांगते, इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता. गोळीच निरुपयोगी, मग मावशींनी कुणाचं काय खाल्लं? काहीच नाही. त्या सुटल्या. मग मी दोघींचे नंबर पाहिले. पुलगावची खरी होती. केळझरचा खडू. पण म्हटलं, असू दे, आता त्याने काय बिघडतं?

मी तपासणीच्या तारखेची वाटही पाहिली नाही, रविवारी केळझरला गेले. मावशी ओसरीत तूर पाखडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं आणि सुनेला आत पाठवलं. वाटेत मी सगळं जुळवून ठेवलं होतं. आधी निकाल सांगितला, सावकाश, दोनदा. गोळी कामाचीच नव्हती. कुणीही खाल्ली असती तरी जे व्हायचं तेच होतं. मग यादीतलं सांगितलं.

“म्हंजे खरी तिचीच होती,” मावशी म्हणाल्या.

“हो. पण मावशी, खरीचाही उपयोग नव्हता. तुम्ही तिचं काही घेतलं नाही.”

मावशींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मला वाटलं ओझं उतरायला वेळ लागतोच.

“थे तुले आता कयलं,” त्या म्हणाल्या. “आमी झाडाखाली बसत होतो तवा कोनाले ठाऊक होतं? तवा थे औषधच होतं. तिनं मले औषध देल्लं.” मग हात कपाळाला लावून म्हणाल्या, “अन् मी तिले काय देल्लं व माय? खडू देल्ला.”

मी काही बोलायला गेले, पण माझी सगळी वाक्यं दुसऱ्या प्रश्नासाठी तयार केलेली होती.

“माह्यी सासू तिच्या वस्तीतलं पानी पेत नव्हती,” मावशी म्हणाल्या. “मी एका डब्यातून गोया खाल्ल्या तिच्यासंग. मले वाटे, चला, आपून काईतरी बरं केलं. अन् पाह्य, तिकडून खरी आली अन् इकडून खडू गेला.” त्या रडल्या नाहीत. आतून सून चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला तो बशीत गार करून मागितला, कारण गरम त्यांना सोसत नाही, आणि मग तो तसाच बाजूला ठेवला.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. माझा दंड धरला.

“तिच्या पोरीले तू सांगशीनच.”

“सांगावं लागतं, मावशी. घरच्यांना कळवायचा नियम आहे.”

“मंग तिले सांगजो, दोघींच्या बी खऱ्याच होत्या. मावशीनं बी खरीच देल्ली म्हन. एवढं कर माय. चुगली केली तवा मी तुले बोलली, आता नाई बोलनार.”

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एसटीत बसले आणि वर्धा येईपर्यंत स्वतःशी भांडत राहिले.

पुलगावला गेले ते पुढच्या आठवड्यात. रेल्वेने जाताना ते एक वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलं की ते मला खरंच वाटायला लागलं. दोघींच्याही खऱ्या होत्या. त्यात काय आहे? कुठल्या आकड्यात जाणार नाही, कुणाच्या तोंडात औषध बनून जाणार नाही. मुलगी शाळेतून नुकतीच आली होती. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी बाईंचा फोटो, निवृत्तीच्या दिवशीचा, अख्ख्या जिभेचा. मी निकाल सांगितला. तिने एकच विचारलं, “आईची कोणती होती?”

“खरी.”

तिने मान हलवली आणि रडू लागली. मी वाट पाहिली. आता विचारेल, मावशींची कोणती? वाक्य माझ्या ओठांवर होतं. तिने विचारलं नाही. डोळे पुसले, पाणी आणून दिलं, गाड्यांची वेळ सांगितली. विचारलंच नाही तर आपण होऊन कसं सांगणार? सांगितलं असतं तर तिला शंका आली असती. मी पाणी प्यायले आणि उठले. इतक्या दूर नेलेलं खोटं जसंच्या तसं परत घेऊन आले.

स्टेशनवर असतानाच फोन आला. सुनेने लावून दिला असणार, मागे सूप वाजत होतं.

“सांगतलं का?”

“सांगितलं, मावशी.”

“दोघींच्या बी खऱ्या म्हून?”

“हो.”

“काय म्हनली?”

गाडीची घोषणा चालू होती. मी दुसऱ्या कानावर हात ठेवला.

“काही नाही म्हणाली. रडली जराशी.”

मावशी म्हणाल्या, “बरं झालं. आता पुढच्या तारखेले आंबील आनतो. तुह्यासाठी बी आनतो. रिकाम्या हातानं येऊन राह्यली होती मी इतके दिवस.”

पुढच्या तारखेला त्यांनी ती खरंच आणली. कडुनिंबाखाली आम्ही दोघी बसलो आणि मी ती प्यायले.